कोरफड : आधी करार, मग रोप

आमच्या दुकानी गिऱ्हाईक कापड आधी चिमटीत धरून पाहते, मग भाव विचारते. कोरफडीच्या बाबतीत मात्र पातूरकडची हीच मंडळी एजंटाच्या शब्दावर रोपे घेतात. "पाने आम्हीच उचलू" हा शब्द आमच्या ओळखीच्या एका शेतकरी बांधवाला महागात पडला. पाने शेतातच राहिली.

कोरफडीत गुण आहे, यात शंका नाही. सालीखालच्या पिवळ्या चिकात अ‍ॅलोइन असते. तो आटवला की हकीमसाहेबांचा एलवा, म्हणजेच काळा बोळ. तो जुलाबाचा. तेल खवट होते तशी क्रिया रोखणारी फिनॉलवर्गी द्रव्येही सालीतच जास्त, गरात कमी. मागणी मात्र गराला, आणि त्यात सुमारे ९८ टक्के पाणीच! शिवाय पान कापले की गर लवकर बिघडतो. कारखाना लांब असेल तर शेतकरी भाडे भरून पाणी वाहतो, दुसरे काय? भुकटीत माल्टोडेक्स्ट्रिन मिसळणारे महाभाग वेगळेच.

आमचे मत असे की, खरेदीचा करार आधी स्टँपपेपरवर व्हावा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. एजंटाला चहा पाजण्यापूर्वी तिथे एक चक्कर मारावी.