सारसाचा खर्च कोणी सोसावयाचा?

पुरुषभर उंचीचा सारस महाराष्ट्रात आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात उरला आहे, आणि तोही काही डझनच. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली; त्यानंतर जिल्हा समित्या नेमल्या गेल्या. परंतु हा पक्षी घरटे करतो ते बहुधा शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीत. उथळ पाण्यात गवतकाड्यांचा ढीग रचून मादी सामान्यतः दोन अंडी घालते व महिनाभर नर-मादी ती आळीपाळीने उबवितात. तेवढ्या जागेतील पीक जाते. नुकसान एकट्या शेतकऱ्याचे, समाधान साऱ्या समाजाचे! असा व्यवहार फार काळ टिकत नाही. घरटे राखणाऱ्यास त्याच हंगामात रोख भरपाई मिळाली पाहिजे. सत्काराच्या शालीने धानाची तूट भरून निघत नाही.

तलावांची कथा याहून जुनी आहे. कोहळी समाजाच्या कसबातून पूर्व विदर्भात असंख्य तलाव उभे राहिले. पाळ व गाळ यांची काळजी घेण्यात मालगुजाराचा स्वार्थ होता. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, हे योग्यच झाले. मात्र तलाव सरकारजमा होताच त्यांची निकड कोणालाच उरली नाही. पाण्यात बेशरम माजली, काठ नांगराखाली आले आणि सारसाची चरण्याची जागा आक्रसली. आता गाळ काढावयाचा तर काठाचा उथळ उतार राखूनच काढावा, आणि ते काम निधीसह ग्रामसभेकडे सोपवावे.