गंजलेला नट आणि उतावळा हात

जुन्या ट्रॅक्टरचा मॅनिफोल्ड बदलणें हें काम आमचे शेतकरी बंधु फार हलकें समजतात. नवा मॅनिफोल्ड बाजारांत मिळतो, बसविण्यास थोडा वेळ पुरतो, मग त्यांत अवघड तें काय, असें ते विचारतात. आमचें उत्तर असें कीं, अवघड आहे तें नवा बसविणें नव्हे, जुना उतरविणें होय. आणि नुकसान होतें तें बहुधा दोन-चार गंजलेल्या नटांपायीं होतें.

१९६० सालीं मद्रास येथें स्थापन झालेल्या टॅफे कंपनीचे मॅसी फर्ग्युसन १०३५ सारखे तीन सिलिंडरांचे जुने ट्रॅक्टर अजून कित्येक गांवीं राबत आहेत. अशा यंत्रांत मॅनिफोल्डाचे स्टड हेडच्या बिडांत आट्यांनीं बसविलेले असतात. इंजिन चाललें कीं ते शेंकडों अंश तापतात, थांबलें कीं निवतात, आणि पावसाळ्यांत उघड्यावर भिजतात. गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. तो आट्यांच्या फटींत भरला म्हणजे पाचरीप्रमाणें नट जखडून टाकतो. अशा नटाच्या पान्यास हातभर नळी जोडून हिसका दिला, तर नट सुटत नाहीं; झिजलेला स्टडच पिळवटून मोडतो. मग हेड उतरवा, तालुक्याच्या कारखान्यांत न्या, आटे नवे पाडून घ्या. तोंपर्यंत वाफसा निघून जातो. चुकलेल्या पेरणीची भरपाई कोणता मिस्त्री करून देणार?

म्हणून हें काम हंगामाच्या तोंडावर काढूं नये. सांध्यापाशीं काजळी दिसूं लागली व फटफट आवाज येऊं लागला कीं, उन्हाळ्यांतच तें उरकावें. आट्यांचा उघडा भाग तारेच्या ब्रशानें साफ करून गंज सोडविणारें पातळ तेल दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मुरूं द्यावें. पाना नटाच्या सहाही बाजू धरणारा व नेमक्या मापाचा असावा. नट आधीं किंचित् आवळावा, मग सोडावा; थोडा फिरला कीं पुन्हां तेल देऊन मागेंपुढें करावा. एवढ्यानेंही न हलल्यास डिझेलची टाकी उतरवून, सांडलेलें तेल पुसून, गॅसच्या ज्योतीनें एकटा नट लाल करावा. तो स्टडच्या आधीं प्रसरण पावतो व गंजाची पकड सुटते. तापल्या बिडावर पाणी मात्र ओतूं नये, तें तडकतें. तरीही हट्ट धरलाच, तर नट छिन्नीनें चिरावा. नट चार पैशांचा, हेड हजारों रुपयांचें, हा हिशेब विसरूं नये.

स्टड मोडलाच आणि थोडा वर उरला असेल, तर त्यावर नवा नट वेल्ड करून, किंचित् निवल्यावर फिरवावा. भोंकांत मोडलेला उपसणी-स्क्रू ही याहून मोठी आपत्ति होय. तो इतका कठीण असतो कीं साधें ड्रिल त्यास कापीत नाहीं.

यांत दोष एकट्या मिस्त्र्याचा आहे असें आम्ही मानीत नाहीं. काम उक्तें द्यावयाचें आणि डोक्यावर उभें राहून घाई करावयाची, ही आपली रीत आहे. ज्या कामांत वाट पाहणें हेंच कौशल्य, त्याची मजुरी रोजावर द्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. तसेंच गॅसची ज्योत, नट फोडण्याचें हत्यार, आटे पाडण्याचे टॅप हीं प्रत्येकानें घेणें परवडणारें नाहीं. गांवच्या सोसायटीनें एक संच ठेवल्यास तो अनेकांच्या उपयोगीं पडेल.

नवा मॅनिफोल्ड बसवितांना बैठक सरळ पट्टीनें तपासावी, गॅस्केट नवें घालावें, आट्यांस तांबेयुक्त ग्रीस लावून पितळी नट मधून बाहेरच्या बाजूस क्रमानें आवळावे. इतकें केल्यास पुढच्या वेळीं तेच नट साध्या पान्यानें सुटतील.