फ्लायव्हील हलकं करा, पण लेथवर नको

येलहंक्याला पोस्टिंग येऊन आठ महिने झाले. लोकांना हे गाव एअर शोमुळे माहीत, मला क्वार्टरजवळच्या गॅरेजमुळे. रविवारी मोकळा असलो की तिथं जाऊन बसतो. आठवडाभर गाड्या बघून पोट भरत नाही का, असं घरून ऐकावं लागतं. नाही भरत.

तिथं निपाणीकडचा एक पोरगा येतो. आयटीत आहे. वडिलांची जुनी एस्टीम त्यानं उघडलीय. ऑटोक्रॉसला उतरायचं आणि इंजिन आठ हजारांपर्यंत फिरवायचं, असा बेत. गेल्या रविवारी म्हणाला, "काका, टर्नर आहे तेच फ्लायव्हील लेथवर लावून दोन किलो काढून देतो म्हणतोय. नवीन स्टीलचं घेतलं तर खर्च दहापट."

मी म्हटलं, करू नकोस. तो नाराज झाला, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

मी कोल्हापूरकडचा. आमच्या शिवारात उसाला पाणी पाजायला ऑइल इंजिन होतं. त्याचं बिडाचं चाक एकट्यादुकट्याला हलत नसे. एका सिलिंडरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पेटतं, मधला वेळ ते चाकच निभावून नेतं. पण त्याच्या फेऱ्या मिनिटाला हजारही नसत. तिथं बीड शोभतं.

बीड दाबाला पक्कं, ताणाला कच्चं. फिरत्या चाकाचा काठ सतत बाहेर ओढला जातो आणि ही ओढ फेऱ्यांच्या वर्गानं वाढते. चार हजारांवरून आठ हजारांवर गेलात तर दुप्पट नाही, चौपट. २४ सेंटीमीटर व्यासाच्या चाकाचा काठ आठ हजारांना ताशी ३६० किलोमीटरनं पळतो. त्यात टर्नरनं खोबण मारून कोपरा धारदार ठेवला, वर क्लचची उष्णता, की तडा तिथूनच. फुटलेलं चाक क्लच हाउसिंगला जुमानत नाही. तुकडा बॉनेटमधून वर जाईल, नाहीतर फायरवॉलमधून पायांवर येईल.

ओतीव म्हणजे वाईट, असं नाही. इथंच येलहंक्यात रेल्वेचा कारखाना आहे, तिथं आगगाडीची चाकं ओततात. पण ती स्टीलची. फ्लायव्हीलला मी घडीव क्रोमोली स्टीलच घेईन. अ‍ॅल्युमिनिअमचं आणखी हलकं, पण क्लच घासतो तिथं स्टीलची चकती बसवावी लागते. निव्वळ रेससाठी ठीक, रोजच्या गाडीला मला ते पटत नाही.

आणि नुसते किलो मोजू नका. काठावरचा एक किलो निम्म्या त्रिज्येवरच्या किलोच्या चौपट भारी पडतो. विकणाऱ्याला वजन विचारता, तसं ते कुठून काढलंय तेही विचारा.

यानं हॉर्सपॉवर वाढत नाही, हेही पोरांना कुणी सांगत नाही. इंजिन फेऱ्या पटकन घेतं आणि पटकन सोडतं, एवढंच. फायदा पहिल्या-दुसऱ्या गिअरला, पाचव्याला जवळजवळ काही नाही. ऑटोक्रॉसला ते उपयोगी, कबूल. पण हाच पोरगा रोज त्याच गाडीनं हेब्बाळ फ्लायओव्हरच्या जाममधून ऑफिसला जातो. दर दहा फुटांवर क्लच सोडताना हलकं चाक दगा देतं, गाडी बंद पडते. आमची जिप्सी याच घराण्यातल्या १३०० सीसी इंजिनावर चालायची. आधीच्या पोस्टिंगला पहाडात, भरल्या गाडीनं चढावर सुटताना चाकाचं वजनच कामी यायचं. तिथं कुणी मला हलकं फ्लायव्हील फुकट दिलं असतं तरी बसवलं नसतं.

म्हणून त्याला सांगितलं, पैसे साठेपर्यंत जुनंच चाक ठेव. क्रँकशाफ्ट आणि क्लच कव्हरसकट बॅलन्स करून घे, आणि कंपनीच्या लाल रेषेच्या आत राहा. पुढं घेशील तेव्हा अर्ध्यावर आणू नकोस, थोडंच हलकं घे.

काल त्याचा फोन आला, टर्नरला नाही सांगितलं म्हणून. येत्या रविवारी क्लच बसवायचाय. वडील निपाणीहून येणार आहेत, त्यांना अजून गाडी उघडल्याचं माहीत नाही.