भाड्याच्या घरालाही 'पास' व्हावं लागतं, मग ब्रिटनमधले भाडेकरू थंडीत का कुडकुडतात?

आपण फ्रिज किंवा एसी घेताना स्टार बघतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये भाड्याचं घर बघताना घराची श्रेणी बघता येते. 'ए' म्हणजे ऊब धरून ठेवणारं, कमी बिलाचं घर. 'जी' म्हणजे हीटर चालूच, पण ऊब भिंती-खिडक्यांतून बाहेर. या प्रमाणपत्राला ईपीसी म्हणतात. ते दहा वर्षं चालतं आणि भाडेकरूला फुकट द्यावं लागतं.

१ एप्रिल २०१८ पासून 'ई'पेक्षा खालच्या श्रेणीचं घर नव्या करारावर भाड्याने देता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून जुने करारही या नियमाखाली आले. नियम मोडला तर घरामागे ५ हजार पौंडांपर्यंत दंड आहे.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण खर्चाची. घरमालकाने ३,५०० पौंडांपर्यंत खर्च करायचा. तरीही घर 'ई'पर्यंत पोहोचलं नाही, तर नोंदणी करून पाच वर्षांची सूट मिळते. जुन्या भरीव विटांच्या भिंतींना उष्णतारोधक थर द्यायचा तर एवढ्यात काही भागत नाही. किमान श्रेणी 'सी' करण्याचा विचार ऋषी सुनक यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये गुंडाळला. मजूर पक्षाच्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पुन्हा काढला, तेव्हा २०३० ची मुदत आणि १५ हजार पौंडांची खर्चमर्यादा सुचवली.

पण खरी गोम वेगळीच आहे. हा नियम राबवायचा स्थानिक पालिकांनी, आणि पालिका घरोघर जाऊन थर्मामीटर लावत नाही. कुणीतरी तक्रार करावी लागते. ती करणार कोण? तर ज्याच्या डोक्यावरचं छप्पर त्याच मालकाच्या हातात आहे, तो भाडेकरू. इंग्लंडमध्ये 'कलम २१'खाली मालक कारण न देता दोन महिन्यांची नोटीस देऊ शकत असे. सूड म्हणून घराबाहेर काढण्याला २०१५ च्या कायद्याने थोडा चाप लावला, पण ते संरक्षण पालिकेने मालकावर दुरुस्तीची कारवाई केल्यावरच मिळे. तोवर गप्प बसून स्वेटर चढवणंच अनेकांना शहाणपणाचं वाटलं तर नवल काय!

म्हणून इथे श्रेणीच्या नियमाइतकाच महत्त्वाचा ठरतो तो २०२५ चा भाडेकरू हक्क कायदा, ज्यात वीज-गॅसच्या बचतीचा विषय जवळजवळ नाहीच. या कायद्याने १ मे २०२६ पासून खासगी भाडेकरूंसाठी 'कलम २१' संपतं. घर रिकामं हवं असेल तर मालकाला कायद्यात बसणारं कारण द्यावं लागेल.

भाडेवाढीची वाट मात्र उघडी आहे. दुरुस्त झालेल्या घराला बाजारात जास्त भाडं मिळतं, आणि वर्षातून एकदा, दोन महिन्यांची सूचना देऊन मालक ते मागू शकतो. भाडेकरू न्यायाधिकरणात जाऊ शकतो. मालकाने मागितल्यापेक्षा जास्त भाडं न्यायाधिकरण ठरवू शकत नाही, त्यामुळे दाद मागण्यात तेवढी जोखीम कमी.

शिकायला तिकडे निघालेल्या मराठी मुलांसाठी एक गोष्ट. पत्ता टाकला की घराची श्रेणी ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर फुकट दिसते. मात्र सामायिक घरातली एकच खोली स्वतंत्र करारावर घेतली, तर त्या खोलीसाठी ईपीसी लागतंच असं नाही. अशा वेळी हीटिंगचं बिल भाड्यात धरलंय का, हे सही करण्याआधी विचारून घ्या.