लस देणाऱ्या हातांचे रक्षण

मुखेड तालुक्यातील एखाद्या डोंगराळ तांड्यावर लशींची पेटी घेऊन परिचारिका आणि आशा कार्यकर्ती जातात, तेव्हा त्यांच्यासोबत पोलीस नसतो. गाव त्यांना ओळखते, हाच त्यांचा आधार. अफगाणिस्तानात मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये तखार व कुंदुझ प्रांतांत एकाच दिवशी आठ पोलिओ कर्मचारी मारले गेले. एकाच कामाच्या वाट्याला एवढे भिन्न दैव का यावे?

केवळ अडाणीपणाकडे बोट दाखवून भागणार नाही. २०११ साली ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएने अबोटाबादेत लसीकरण मोहिमेचा आडपडदा वापरला. अतिरेक्यांचा लसीकरणास विरोध आधीपासूनच होता. त्यांना हे आयतेच निमित्त मिळाले. डिसेंबर २०१२ मध्ये कराची व पेशावर भागांत पोलिओ डोस पाजणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. असे पुन्हा करणार नाही, ही हमी अमेरिकेने दिली ती २०१४ साली.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात गोरे सोजीर घरोघर शिरले. रोगापेक्षा उपाय भयंकर झाला आणि २२ जूनच्या रात्री रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षीच्या साथरोग कायद्याने अंमलदारांना दाव्यांपासून अभय दिले होते. आरोग्यसेवकांवरील हल्ला त्या कायद्यान्वये अजामीनपात्र ठरण्यास मात्र २०२० ची दुरुस्ती यावी लागली. गंभीर दुखापतीस सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद तीत आहे. पण ती साथीच्या काळापुरतीच. नित्याच्या लसीकरणास निघालेल्या सेविकेला हे छत्र लाभत नाही. ही उणीव दूर व्हावयास हवी.

तथापि कायदा हल्ल्यानंतर धावून येतो. हल्ला टाळतो तो विश्वास. १९८५ साली एल साल्वादोरमध्ये यादवी चालू असता सरकार व बंडखोर या दोघांनीही मुलांच्या लसीकरणासाठी तीन दिवस लढाई थांबविली. लशीच्या पेटीत लशीखेरीज काही नाही, याची उभय पक्षांना खात्री होती. गडचिरोलीसारख्या सशस्त्र संघर्ष पाहिलेल्या जिल्ह्यात हे पथ्य अधिकच काटेकोरपणे पाळले पाहिजे. लस देणारीकडून बातम्या काढू नयेत आणि तिच्या आडून कोणावर दंडेलीही करू नये. शासनाने एवढे सांभाळले नाही, तर तिच्यासोबत दिलेला बंदूकधारी शिपाईच तिच्याविषयीच्या संशयाचे कारण ठरेल.