‘मासे बंद’ लिहिण्यापूर्वी

पथ्यापथ्याच्या कागदावर ‘मांस-मासे बंद’ ही ओळ अनेक चिकित्सालयांत रुग्णाची नाडी पाहण्याआधीच छापून तयार असते. या ओळीस आधार शास्त्राचा आहे की वैद्याच्या घरच्या चुलीचा, याचा विचार वैद्यवर्गाने करावा, असे आम्हांस वाटते.

कामरगावच्या परिसरात मासा म्हणजे गोड्या पाण्यातला मासा. अडाण जलाशय व लहानमोठे तलाव यांतील रोहू, कटला, मृगळ, मरळ हीच आमच्या रुग्णांची ओळख. कोणाच्या घरी चिंचेचा आंबट रस्सा आवडतो, कोणाकडे भाजलेला कांदा, सुके खोबरे व खसखस वाटून केलेला दाट रस्सा होतो, तर तरुण मंडळींस धाब्यावरचा तळलेला तुकडाच हवा असतो. आम्हांस विचाराल तर ताज्या मरळीचा, आले, लसूण, हळद व मिरे घातलेला पातळ रस्सा आणि सोबत ज्वारीची भाकरी यापरते काही नको. परंतु ही आमची आवड झाली. ती पथ्य नव्हे. तशीच दुसऱ्या वैद्याची नावड हे अपथ्य नव्हे.

आपल्या संहितांनी ‘मासे’ असा सरसकट निवाडा दिलेला नाही. मत्स्यवर्ग गुरू, उष्ण, स्निग्ध, बृंहण, वातघ्न आणि त्याचबरोबर बहुदोषकर म्हटला आहे. तरीही चरकाचार्यांनी माशांमध्ये रोहिताला श्रेष्ठ व चिलिचिमाला निकृष्ट ठरविले. रोहित शेवाळ खातो, झोपत नाही, म्हणून तो दीपन व पचनास लघू, अशी कारणेही दिली. सुश्रुताचार्य तर नदीचा मासा मध्यभागी गुरू आणि तलावातील माशाचे डोके विशेष लघू, इतक्या बारकाव्यात शिरतात. जेथे एकाच माशाच्या अवयवांचा भेद केला आहे, तेथे आपण साऱ्या जातींस एकाच ओळीत गुंडाळणे शास्त्रास धरून नाही.

निषेध आहेत, व ते कसोशीने पाळलेच पाहिजेत. मासे व दूध हा संयोग सूत्रस्थानाच्या २६व्या अध्यायात विरुद्ध सांगितला आहे. एका चिलिचिमाखेरीज इतर मासे दुधासह चालतील, हे भद्रकाप्याचे मत आत्रेयांनी तेथेच खोडून काढले. मासे तळलेल्या स्नेहात सिद्ध केलेली पिंपळीही त्यांनी वर्ज्य मानली. म्हणून कुष्ठाच्या वा इतर त्वग्विकाराच्या रुग्णास माशांच्या जेवणावर दुधाचा चहा किंवा आइस्क्रीम घेता का, कढईतील तेच तेल पुन्हा वापरता का, हे विचारणे अगत्याचे आहे. मंदाग्नी, आमावस्था व रक्तपित्त यांत मासे थांबवावेत, हेही आम्हांस मान्य आहे.

प्रश्न आहे तो कृश रुग्णाचा. राजयक्ष्म्यातून उठलेला मजूर किंवा रक्ताल्पता असलेली सूतिका यांस आपण तूप, बदाम, खारीक लिहून देतो. त्यांच्या ऐपतीत बसणारे बृंहण द्रव्य पुष्कळदा तलावातील मासाच असतो. राजयक्ष्म्यात मांसरसाचे महत्त्व सांगणाऱ्या शास्त्राचे अनुयायी त्याच रुग्णाच्या ताटातून सवयीने मासा काढून घेतात, आणि त्या जागी काय ठेवावे हे सांगत नाहीत. अशाने रुग्णाचे बल जाते, व कालांतराने त्याचा वैद्यावरील विश्वासही जातो.

वैद्यबंधू-भगिनींनी छापील ओळ खोडावी व पाच प्रश्न विचारावेत, एवढीच आमची विनंती आहे. मासा कोणता? कोणत्या पाण्यातला? ताजा की बर्फातला? रस्सा की तळलेला? सोबत व नंतर काय घेता? या उत्तरांना रुग्णाचा अग्नी, प्रकृती, ऋतू व व्याधी यांची जोड दिल्यावर जो निर्णय होईल, मग तो निषेधाचा का असेना, त्यासच पथ्य म्हणता येईल.