बहार कशामुळे येतो?

गेल्या आठवड्यात पुण्याहून नातीचा फोन आला. अकरावीला आहे. "आजोबा, वसंतात समुद्रात सूक्ष्म वनस्पतींचा बहर येतो म्हणतात, तो कशामुळे?" मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "ऊन वाढतं म्हणून." फोन ठेवला आणि एक जुनं शल्य वर आलं.

लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी भूगोल शिकवायचो. हेच उत्तर फळ्यावर लिहिलं होतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "गुरुजी, आपल्याकडं ऊन तर बारा महिने असतंय. मग आपला समुद्र बारा महिने हिरवा का नसतोय?" त्या वर्गात समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता, मीसुद्धा नाही. मी म्हणालो, "हे परीक्षेला येत नाही. खाली बस." तो बसला. पुन्हा त्याने कधी काही विचारलं नाही.

यावेळी मात्र आठवडाभर वाचत बसलो. त्या पोराचा प्रश्न किती नेमका होता, ते आता कळलं.

पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं समुद्रातले हे डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. माशांचं सगळं अन्न शेवटी त्यांच्यावरच उभं. अरबी समुद्रात त्यांना ऊन मिळतंच, खत मिळत नाही. नायट्रेटसारखी खतं खाली खोल पाण्यात असतात. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे जोरदार वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचं पाणी वर खेचतात. हिवाळ्यात उत्तरेकडच्या भागात जमिनीवरून थंड, कोरडे वारे येतात. वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं आणि खालचं वर येतं. आपण रान नांगरून खालची माती वर काढतो, तसंच. म्हणजे आपल्या समुद्राला थंडीतही बहर येतो! गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९६ साली 'नेचर'मध्ये हे मांडलं.

उत्तर अटलांटिकमध्ये गोष्ट उलटी. तिथे हिवाळ्यात खत भरपूर, पण ऊन कमी आणि घुसळण फार. वसंतात वरचा थर शांत झाला की बहर येतो, असं स्वेरद्रुप यांनी १९५३ साली मांडलं. माझं फळ्यावरचं उत्तर त्याचीच उष्टी आवृत्ती. पण २०१० साली बेहरेनफेल्ड यांनी उपग्रहाच्या नोंदी पाहून सांगितलं की वाढ भर हिवाळ्यातच सुरू होते. घुसळणीमुळे खाणारे आणि खाल्ले जाणारे पांगतात, गाठ कमी पडते, म्हणून ही लेकरं वाचतात. हा वाद अजून मिटलेला नाही.

आमच्याकडच्या मोसंबीवाल्याला हे चटकन कळेल. बहार धरायचा तर तो आधी बागेचं पाणी तोडतो, ताण देतो. मग पाणी सोडतो आणि झाड फुलतं. आता बहार पाण्याने आला की ताणाने? नुसत्या पाण्याने म्हणाल तर बागाईतदार हसेल.

माझं म्हणणं एवढंच. आम्ही मास्तरांनी "भौगोलिक कारणे लिहा" या प्रश्नाला एकेका ओळीचं कारण लिहायला शिकवलं आणि पोरांना दोन गुण दिले. शेवटी जे घडलं तेच कारण, अशी सवय लावली. त्याआधीचा ताण, घुसळण, कुणी खाल्लं, कुणी वाचलं, हे सगळं गाळलं. शिवाय शास्त्रज्ञ अजून भांडताहेत, हे सांगायला आम्हाला कमीपणा वाटला. वास्तविक पोरांना तेच सगळ्यात जास्त आवडलं असतं.

आणि समुद्र मराठवाड्यापासून लांब आहे, हेही खोटं. हिमालयातला बर्फ घटतो आहे, त्यामुळे ते हिवाळी वारे पूर्वीइतके थंड राहिलेले नाहीत, घुसळण मंदावते आणि वेगळ्याच जिवांचं फावतं, असं २०२०च्या एका अभ्यासात म्हटलं आहे. दूरच्या डोंगरावरचं बर्फ कोकणच्या कोळ्याच्या जाळ्याशी जोडलेलं असू शकतं. मग आपणच तेवढे वेगळे कसे?

असो. नातीला परत फोन केला. म्हटलं, "बाई गं, परवाचं उत्तर अर्धं होतं." ती म्हणाली, "मग पूर्ण कोणतं?" म्हटलं, "ते अजून शोधताहेत. तूही शोध."

त्या मुलाचा पत्ता आज माझ्याजवळ नाही. असता तर त्यालाही फोन केला असता. तुमच्या एखाद्या प्रश्नाला कुणी असं खाली बसवलं होतं का? जरूर लिहा.